बंदीच्या दिवसांतली तालीम

कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे,
ताडपत्री पांघरून. खलाशी ओडिशाला गेलेत
आणि बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मी आमचं तीन नोडचं क्लस्टर मुद्दाम पाडते आहे.

जून-जुलैतच जमतं हे. एरवी पहाटे तीनला लिलाव,
डिझेलच्या पावत्या, बर्फाची उधारी.
चेअरमन म्हणतात, चालतंय ना? मग कशाला हात लावतेस.

कंटेनरचं मला काही वाटत नाही.
एक मेला की दुसरा उठतो, तेच नाव, शेपूट तेवढं वेगळं,
आधीच्याचं काही म्हणता काही न आठवता.
एका रात्रीत चाळीसदा मरून उठलेला पाहिलाय मी एक,
पहाटे लिलावाला हजर.
जीव असतो तो व्हॉल्यूममध्ये:
कुणी किती लाद्या उचलल्या, कुणी अजून दिले नाहीत.

आणि तोच नव्हता.

मार्चमधली गोष्ट. सात महिने रोज रात्री दीडला
हिरवी खूण. पूर्ण. पूर्ण. पूर्ण.
सहज म्हणून रिकाम्या जागी बॅकअप उभा करून पाहिला
तर सगळं आलं: सेवा, परवानग्या, गुपितं,
लॉगिनचं पान, त्यावरचं बांगड्याचं चित्रसुद्धा,
आत एकही माणूस नाही.
व्हॉल्यूमवर एका ओळीची खूण करायची राहिली होती.
कुणाची? माझीच.

कुणाला सांगितलं नाही. जिना उतरून खाली आले.
अमोनियाच्या वासात कायतान न पेटवलेली विडी ओठांत धरून बसला होता
आणि जनरेटर धडधडत होता, वीज असूनही.
"दर सोमारा चलयतां," तो म्हणाला,
"गरज पडटा तेन्ना ताणें आयकूंक जाय न्हय गो."

त्या रात्री ती ओळ लिहिली.
तेव्हापासून एक प्रत इथे, एक मडगावला,
एक फोंड्याच्या टेकडीवर, जिथे खारी हवा डिस्कला लागत नाही.
प्रत्येक प्रत तीस दिवस. पुढे तिचं तिनं जायचं.
जागा फुकट मिळत नाही, आणि सोसायटी पंख्याच्या कपॅसिटरलाही
तीन कोटेशनं मागते.

आज तालमीला सगळ्यात जुनी प्रत घेतली, वीस मेची.
आज रात्री तिची मुदत संपते.
एकोणीस मिनिटं लागली. डेटाबेस कुरकुरला, मग उठला.
पडताळायला मी कुठलीही खाती उघडत गेले:
रुमाल्दा, शिल्लक शून्य.
तुकू तारी, डिझेल अर्धं फेडलेलं.
इनास कार्दोज, खातं चालू,
बाकी चौदा लाद्या.

इनास सव्वीसला गेला. साळ नदीच्या मुखाशी
वाळूच्या पट्ट्यावर होडी उलटली, सकाळी, उजेडात.
सत्तावीसला दुपारी मीच त्याचं खातं बंद केलं.
बाकी माफ. चेअरमनची सही. शेरा: काही नाही.

इथे मात्र तो चालू आहे.
मोबाइल नंबर जुनाच. बदलून दे म्हणाला होता,
मी म्हटलं होतं, बंदी लागू दे, मग सावकाश करू.

प्रत राखायला एक शब्द पुरतो. मुदत: कायम.
टाइप केला.
वाचला.
कुठल्या कारणासाठी, असा रकाना असतो पुढे.
तिथे बोट अडलं आणि मी शब्द मागे घेतला.

वहीत लिहिलं, रिस्टोअर यशस्वी,
नोंदी चार हजार एकशे बारा, फरक नाही.

खाली कुणीतरी जाळ्याला गाठी मारत बसलंय,
भोकं मोजत, हलक्या आवाजात.
दीड वाजता यादीच्या तळाची एक ओळ गेली.
तिच्या जागी एकवीस मे.

त्यातही इनास आहे.
अजून सात रात्री.